मामंजींच्या कानांतला सेल

आमच्या घरांत वडील माणसें तीन आणि मुलें चार. तेव्हां आवाजाचा तुटवडा कधींच नसतो. तरीहि गेलें वर्षभर आमचे मामंजी पंगतींत मान खालीं घालून मुकाट्यानें जेवत आणि हात धुऊन आपल्या खोलींत निघून जात. ते अलीकडे तिरसट झाले आहेत, असा घरांतल्या साऱ्यांनीं, आणि मींहि, समज करून घेतला होता. कानानें कमी ऐकूं येतें हें ठाऊक होतें. पण चांगलें श्रवणयंत्र घेऊन दिलेलें असतां ऐकण्यास अडचण ती कसली?

एके दिवशीं त्यांच्या मेजाचा खण आवरतांना यंत्राची डबी हातीं आली. यंत्र आंत, आणि सेल बाहेर काढून कापसांत गुंडाळलेला. विचारलें, तेव्हां म्हणाले, "सूनबाई, पाहुणेरावळे आले म्हणजे घालतों. एरवीं उगीच सेल कशाला जाळायचा? अन् इतकं जपूनहि तीन आठवड्यांत मरतोच. दुकानदार जुना माल देतो, दुसरं काय!"

दुकानदाराची मीं मनांतल्या मनांत क्षमा मागितली, ती पुढें. मामंजींची चूक मात्र प्रामाणिक होती. पूर्वीं त्यांच्याजवळ सदऱ्याच्या खिशांत ठेवण्याचें, कानापर्यंत तार असलेलें यंत्र होतें. त्यांत पेन्सिल-सेल लागे. कळ बंद केली कीं तो जवळजवळ जसाच्या तसा राही, आणि जितकें कमी वापरावें तितका तो पुरे. तीच संवय त्यांनीं कानामागच्या नव्या यंत्रालाहि लावली. पण ह्या बटणाएवढ्या सेलाची जात निराळी आहे.

त्याच्या पोटांत जस्ताची भुकटी व पोटॅशियम हायड्रॉक्साइडचें द्रावण असतें. जस्ताशीं संयोग पावणारा प्राणवायु मात्र आंत भरलेला नसतो. तो सेलाच्या सपाट बाजूवरील बारीक छिद्रांतून बाहेरच्या हवेंतून घेतला जातो. त्यामुळें जी जागा वांचते, तिच्यांत जस्त अधिक मावतें, आणि एवढ्याशा टिकलींत इतकी शक्ति राहूं शकते. १९७० च्या दशकांत हे सेल श्रवणयंत्रांसाठीं बाजारांत आले. त्यापूर्वीं पाऱ्याचे सेल असत. ते विषारी म्हणून अमेरिकेनें १९९६ साली कायद्यानें बंद केले.

ह्या छिद्रांवर रंगीत कागदी पट्टी चिकटवलेली असते. ती आहे तोंपर्यंत सेल निजलेला असतो आणि दोन-तीन वर्षें टिकतो. ती सोलली कीं हवा आंत शिरते. मग यंत्र कानांत असो वा डबींत, सेल आपल्या गतीनें खंगूं लागतो. हवा कोरडी असली तर आंतील द्रावण सुकतें; पावसाळी असली तर बाहेरची ओल आंत शोषली जाते. पट्टी पुन्हां चिकटवली तर ऱ्हास थोडा मंदावतो, थांबत नाहीं. आणि कापसांत गुंडाळल्यानें तर कांहींच होत नाहीं!

मीं कागदावर हिशेब मांडून त्यांच्यापुढें ठेवला. हिशेबावांचून पटवून घेण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं. त्यांच्या यंत्राचा सेल ३१२ क्रमांकाचा, तपकिरी पट्टीचा. (१० क्रमांकाची पट्टी पिंवळी, १३ ची नारिंगी आणि ६७५ ची निळी असते, घरांत दोघांचीं यंत्रें निराळीं असल्यास हा रंग लक्षांत ठेवावा.) ह्या सेलांत सुमारें १७५ मिलिअँपिअर-तास वीज असते. यंत्र ताशीं सव्वा ते दीड खातें असें धरलें, तर सव्वाशे तासांच्या आसपास तें चालावें. रोज १४ तास वापरल्यास नऊ दिवस. मामंजी रोज दोन तासच वापरीत. म्हणजे सेल दोन महिने पुरावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो तेविसाव्या दिवशीं मेला. शेंचाळीस तास ऐकून झालें, उरलेले ऐंशी तास कापसांत गेले.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी सेल वाचवला नाहीं. बोलणं तेवढं वाचवलं."

आतां सेलाचें आयुष्य खरोखर वाढतें तें कशानें, तें सांगतें. पट्टी सोलल्यावर सेल लगेच यंत्रांत घालूं नये; छिद्रें वर करून तीन ते पांच मिनिटें उघडा ठेवावा. तेवढ्या वेळांत हवा आंत भिनते आणि दाब पुरा चढतो. घाईनें दार लावल्यास सेल अर्धवट जागा होतो, आणि यंत्र लौकर कुरकुरूं लागतें. रात्रीं यंत्र काढल्यावर सेलाचें दार उघडें ठेवावें. त्यानें यंत्र बंद होतें व आंतील घामाची ओलहि निघून जाते. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, यंत्र ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवणें फार चांगलें. परंतु त्यापूर्वीं सेल बाहेर काढावा, नाहींतर यंत्राबरोबर तोहि सुकून जातो.

यंत्र शिट्टी घालीत असेल तर तिकडे दुर्लक्ष करूं नये. कानांत मळ सांचला असेल, किंवा कानांतला सांचा सैल झाला असेल. ती शिट्टीहि विजेवरच चालते. दूरध्वनीवरचें संभाषण वा गाणीं बिनतारी मार्गानें थेट यंत्रांत घेतल्यास सेल लौकर संपतो. पण नातीचा परदेशाहून फोन येतो तेव्हां ही काटकसर मनांतहि आणूं नये, असें माझें मत.

आमच्या वन्संनीं एकदां पाकीट शीतकपाटांत ठेवलें होतें. तें बाहेर काढतांच सेलांना घाम सुटतो. घरांतल्या साध्या कोरड्या कपाटांतच तें बरें. पिशवींत सुट्या नाण्यांशेजारीं सेल ठेवूं नये. धातूला धातु लागून तो तेथेंच रिता होतो. आणि स्वस्त मिळतात म्हणून वर्षा-दोन वर्षांचा सांठा न करितां पाकिटावरील तारीख पाहून घ्यावे. नव्या यंत्रांपैकीं बऱ्याच यंत्रांत रोज रात्रीं भारित करण्याचे सेल असतात. त्यांना ह्यांतलें फारसें लागू नाहीं.

एका गोष्टींत मात्र कोणींहि ढिलाई करूं नये. हे सेल औषधाच्या गोळ्यांसारखे दिसतात. म्हातारीं माणसें अंधुक उजेडांत ते गोळी समजून गिळतात, आणि लहान मुलें नाकांत वा कानांत घालतात. तसें झाल्यास घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. आमच्याकडे नवे सेल उंच फळीवर असतात, औषधांच्या डबीपासून दूर. वापरलेले सेल घट्ट झांकणाच्या डब्यांत जमवून विजेच्या टाकाऊ वस्तु गोळा करणारांकडे देतों.

सोललेली पट्टी आतां मामंजी स्वतः दिनदर्शिकेच्या त्या त्या तारखेवर चिकटवितात. दोन पट्ट्यांमधलें अंतर आठ-नऊ दिवसांचें भरतें. ते सकाळच्या चहापासून निजेपर्यंत यंत्र घालतात. धाकट्या नातवाचे विष्णुसहस्रनामांतले उच्चार परवां त्यांनींच सुधारले. अडचण एवढीच, कीं स्वयंपाकघरांत मी आणि जाऊबाई हलक्या आवाजांत जें बोलतों, तेंहि आतां त्यांना ऐकूं जातें.