पेटीला श्वास घेऊ द्या

या आठवड्यात शिरजगाव कसबा रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बगीच्यात मोटारीचा स्टार्टर जळाला. पेटीच्या फटी सिलिकॉनने बुजवलेल्या, वरून ताडपत्री, तिला सुतळीचे वेढे. झाकण उघडले तर आतून पत्र्याला घाम फुटलेला, तांब्याच्या तारांची टोके हिरवी पडलेली. "थेंब जायाले जागा नाई ठेवली भाऊ, मंग पानी आलं कुठून?" मालकाने विचारले.

पाणी हवेतून आले. उघाडीच्या उन्हात पेटी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. सर आली की पेटी निवते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. 30 अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना जेमतेम 17. उरलेली थेंब होऊन पत्र्यावर बसते. सिलिकॉनने सगळ्या फटी कधीच बंद होत नाहीत. आत साचलेल्या पाण्याची बाहेरची वाट मात्र बंद होते.

त्याच धुऱ्याला मोठी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उभी आहे. तिच्यातले तेलही तापून फुगते, निवून आकसते. ते अडवायच्या फंदात कुणी पडले नाही. हवेच्या वाटेवर ब्रीदर बसवला. त्यात सिलिका जेलचे निळे खडे, खाली तेलाची वाटी. आत जाणारी हवा त्या तेलातून आणि खड्यांतून गाळून जाते. ओल शोषून खडे गुलाबी झाले की बदलायचे, नाहीतर तापवून पुन्हा निळे करायचे. सबस्टेशनच्या यार्डातल्या पेट्यांत तर हीटर असतो. म्हणजे विजेच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. शेतकऱ्याच्या पेटीपर्यंत ती पोचवायची तसदी तेवढी घेतली गेली नाही, याचा मला संताप येतो.

डब्यावर 'आयपी 65' छापले म्हणून निश्चिंत राहू नका. 6 धुळीचा, 5 पाण्याच्या फवाऱ्याचा. वाफेचा हिशोब त्यात नाही. आणि ड्रिलने वरून भोक पाडले की तोही आकडा गेला. वरून केबल घेणाऱ्या वायरमनवर माझा राग आहे. केबल खालूनच घ्या, ग्लँड लावून, बाहेर खाली झोल ठेवून.

साध्या पत्र्याच्या पेटीला तळाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात 5-6 मिलिमीटरचे भोक पाडा, त्याला बारीक जाळी लावा, म्हणजे मुंग्या आणि पाली शिरणार नाहीत. आधी मेन बंद करा, पेटीचे अर्थिंग तपासा. ओल्या पेटीचे लोखंडी दार जीव घेते. सौर पंपाच्या कंट्रोलरला स्वतः भोक पाडू नका, हमी जाईल. त्याला ब्रीदर कुठे आहे, हे बसवणाऱ्याला सही करण्याआधी विचारा.