घरचा साबण : भेट वेगळी, तिजारत वेगळी

गेल्या काही वर्षांपासून रमजान ईद आणि लग्नसराईच्या दिवसांत बोईसर-पालघर भागात एक नवी भेटवस्तू घरोघर फिरताना दिसते. पूर्वी ईदीबरोबर रुमाल, अत्तराची कुपी किंवा ब्लाउजपीस दिला जाई. आता त्यासोबत घरी केलेल्या साबणाची वडी येते. कोणाची कडुनिंबाची, कोणाची हळदीची, कोणाची वाळ्याची. पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे या गावांतील आमच्या भगिनी हे साबण करतात, घरात वापरतात, माहेरी-सासरी पाठवतात. शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीचा फराळ येतो, त्याच्या परतीच्या ताटातही हल्ली ही वडी जाते. हदिया देण्याघेण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उत्तेजन दिले आहे. त्या दृष्टीने ही चाल चांगलीच म्हटली पाहिजे.

परंतु आता याच भगिनी वड्या घेऊन आम्हा कापडवाल्यांकडे येऊ लागल्या आहेत. "चाचा, ड्रेस मटेरियलशेजारी ठेवा ना, गिऱ्हाईक तर येतंच." येथून हा विषय व्यापाराचा होतो आणि म्हणून या पानावर त्याचा विचार होणे जरूर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या वड्यांवर चिकटवलेली 'केमिकलमुक्त' ही चिठ्ठी. तारापूर औद्योगिक वसाहत दाराशी असलेल्या माणसाला हा शब्द किती गोड लागतो हे आम्ही समजू शकतो. रात्री वास आला की खिडक्या लावून घेणारे, विहिरीचे पाणी तोंडात घेण्याआधी हुंगून पाहणारे आम्ही लोक. आम्हाला केमिकल नको, हे खरे. पण कास्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही. तेल आणि कास्टिक यांचा मिलाफ झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते, आणि प्रमाण बरोबर असेल तर वडीत कास्टिक शिल्लक राहत नाही. बाजारातून तयार बेस आणून, वितळवून साच्यात ओतला तरी त्या बेसच्या पोटात हीच क्रिया कोणीतरी आधी केलेली असते. मग 'केमिकलमुक्त' लिहिणे म्हणजे टेरीकॉटच्या थानावर शुद्ध सूती असा शिक्का मारण्यासारखे झाले.

कास्टिकशी आमच्या धंद्याची ओळख जुनी आहे. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज कापड छपाईवाल्याने १८४४ च्या सुमारास सुती कापडावर कास्टिकचा प्रयोग केला आणि १८५० साली पेटंट घेतले. 'मर्सराइज्ड' हे कापडाचे नाव ते तिथले. प्रोसेस हाऊसमध्ये कामगार जी वस्तू हातमोजे आणि चष्मा घालून हाताळतो, ती आमच्या घरात पोरे फिरत असताना ओट्यावर काढली जाते, याची आम्हाला धास्ती वाटते. कास्टिकचे तुकडे दिसायला खडीसाखरेसारखे असतात. म्हणून डबा कुलपात हवा. कास्टिक पाण्यात सोडावा, कास्टिकवर पाणी कधीही ओतू नये. उकळी फुटून अंगावर येते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे, अल्युमिनियमचे मुळीच नको. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून थेट डॉक्टरकडे. आणि वसाहतीतून भंगारात आलेल्या पिपातला माल कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्यात आधी काय होते ते पीपही सांगत नाही आणि भंगारवालाही.

प्रमाण अंदाजाने चालत नाही. ८०० ग्रॅम खोबरेल आणि २०० ग्रॅम एरंडेल घेतले तर त्या तेलाला पूर्ण साबण होण्यास सुमारे १७२ ग्रॅम शुद्ध कास्टिक लागतो. आपण १६० ग्रॅमच घालावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कातडी ओढली जात नाही. पाणी ३२० ग्रॅम, तेही बोअरचे नको, शुद्ध केलेले. दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून कढीसारखे दाट होईपर्यंत ढवळायचे, मग साच्यात. तेल बदलले की हा हिशेब बदलतो. मापाच्या वाटीने साबण करणाऱ्या भगिनींनी आधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा. ओली पाने वाटून घालू नयेत, ती वडीत काळी पडतात आणि कुजतात. वाळवून, वस्त्रगाळ करून चिमूटभर पुरे. कडुनिंबाचे औषधी गुण कास्टिकच्या तडाख्यातून कितीसे वाचत असतील, याबद्दल आम्हाला शंकाच आहे.

आता वजनाची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथेच आहे. वरच्या प्रमाणात ओला माल १,४८० ग्रॅम भरतो. शंभर ग्रॅमच्या चौदा वड्या सहज निघतात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढली तरी वडी दिसायला तयार असते. पण ती मऊ असते, अंगाला झोंबू शकते आणि न्हाणीघरात आठवड्यात विरघळते. तिला वाऱ्यावर चार ते सहा आठवडे ठेवावी लागते, आमच्या कोकणच्या पावसाळ्यात त्याहूनही जास्त. त्या काळात पाणी उडून वजनाचा साधारण दहावा भाग जातो. म्हणजे शंभर ग्रॅमची वडी नव्वदच्या आसपास येते. ज्याला घाई आहे आणि नफा हवा आहे त्याने ओलीच विकावी. वजन जास्त, जागा कमी, पैसा लवकर. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ती आटेल, त्याला कळणारही नाही. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात अल-मुतफ्फिफीन ही सूरह आहे. ती आम्ही कापडवाल्यांनी आपल्या गजाला आणि मीटरला लावून ऐकलेली आहे. साबणवाल्यांनी ती पाण्याला लावून ऐकावी. वडी वाळल्यावर तोलावी आणि तेच वजन लिहावे.

ईदच्या भेटीसाठी करायची असेल तर शाबानच्या पंधरवड्यातच साच्यात ओतावी. रमजानचे रोजे चालू असताना ती फळीवर आपली वाळत राहते आणि चांद दिसेपर्यंत वापरण्याजोगी होते. शेवटच्या अशऱ्यात केलेली वडी ईदला कच्चीच जाणार.

वाळवण्याचा हा सब्र आपल्याला परका नाही. फलस्तीनमधील नाबलूसचा जैतून तेलाचा साबण आणि शाममधील हलबचा, ज्यात जैतूनबरोबर गार झाडाचे तेल पडते, हे दोन्ही शेकडो वर्षांचे. नाबलूसचे कारागीर वड्यांचे पोकळ मनोरे रचून महिनोन् महिने हवा खाऊ देतात. युनेस्कोने २०२४ च्या डिसेंबरमध्ये या दोन्ही कारागिरींची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. युद्धातही ज्यांनी वडी ओली विकली नाही, त्यांचे हे चीज झाले असे आम्ही समजतो.

हलालचा प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. खोबरेल आणि एरंडेल यांत शंका नाही. तयार बेसमध्ये स्टिअरिक अ‍ॅसिड आणि ग्लिसरीन असते. ते वनस्पतीचेही असते, चरबीचेही असू शकते. विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. हा प्रश्न केवळ मुसलमानांचा आहे असेही नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ साली मुंबईत 'चावी' छाप साबण काढला तो चरबीऐवजी वनस्पती तेलाचा, आणि त्याची जाहिरातही तशीच झाली. १९८३ साली वनस्पती तुपातील गाईच्या चरबीचे प्रकरण गाजले आणि तिच्या आयातीवर बंदी आली, तेव्हा सर्वच धर्मांचे लोक डब्यावरची बारीक अक्षरे वाचू लागले होते.

विक्रीचा कायदा मात्र बहुतेक भगिनींना ठाऊक नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून पूर्वी साबण वगळलेला होता; १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आता २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी साबण करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, वेगळी जागा आणि जाणकार व्यक्तीची देखरेख लागते. खरूज जाते, मुरुम जातात असे छापले की गाडी औषधाच्या रुळावर जाते, तेथे परवाना आणखी निराळा. वेष्टनावर वजन, किंमत, महिना आणि करणाराचे नाव-पत्ता हवाच.

येथे सरकारकडेही आमचे म्हणणे आहे. पापड-लोणचे करणाऱ्या बाईला खाद्यपदार्थांच्या कायद्यात साधी नोंदणी पुरते. महिन्याला दोनशे वड्या करणाऱ्या बाईला मात्र कारखान्याच्या तोलाचा परवाना मागायचा, हा न्याय नव्हे. तिच्यासाठी तशीच लहान नोंदणी हवी, हवे तर नमुना तपासणी सक्तीची करा. सप्टेंबर २०२५ मध्ये अंगाच्या साबणावरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा फायदा मोठ्या कंपन्यांना झाला. आमच्या पामच्या बाईचा अडथळा कराचा नव्हताच.

तोवर रस्ता एकच दिसतो. आठ-दहा घरांनी बचत गट करावा आणि एक जागा घ्यावी. देखरेखीसाठी औषधनिर्माणाची पदविका असलेली किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती चालते, प्रशासनाकडे खात्री करून घ्यावी. बारावी सायन्स होऊन घरी बसलेल्या मुली आमच्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत ग्रामीण भागात महिलांना आणि अल्पसंख्याकांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. खादी ग्रामोद्योगाची प्रशिक्षण संस्था बोरिवलीला आहे, लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येते. फायद्याचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव विक्रमी चढले होते. घरची वडी स्वस्त पडते हा समज सोडावा. ती महागच पडणार, आणि गिऱ्हाईक जास्त पैसे देईल ते वडी खरी आहे म्हणूनच.

आमच्या दुकानापुरते आम्ही ठरवले आहे. हदिया म्हणून कोणी वडी आणली तर आनंदाने घेऊ. काउंटरवर ठेवायची तर परवाना क्रमांक, वाळल्यानंतरचे वजन आणि कोणती तेले घातली हे मराठीत व उर्दूत लिहिलेले हवे. 'केमिकलमुक्त' ही चिठ्ठी काढून आणावी. तीन भगिनींना आम्ही हे सांगितले. दोघी रागावून गेल्या, तिसरीने अर्जाचा कागद कुठे मिळतो ते विचारले आहे.