जट, बट आणि कात्री

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीनंतर आमच्या वर्गांतील एक मुलगी शाळेंत परत आली नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, तिच्या मानेमागें केसांची जट धरली असून देवीनें तिला आपली म्हटलें आहे, असें घरच्या वडीलधाऱ्यांनीं ठरविलें आहे. आतां तिनें वेणी घालावयाची नाहीं, न्हातांना डोकें चोळावयाचें नाहीं, आणि कात्रीचें तर नांवहि काढावयाचें नाहीं. चार बोटें लांबीच्या त्या गुंत्यापायीं नववीचें वर्ष बुडण्याची वेळ आली. केसांसारख्या क्षुल्लक विषयावर वार्षिकांत लिहिण्याचें धाडस आम्ही करीत आहों, त्याचें कारण एवढेंच. वाचकांनीं हंसूं नये.

जट कशी धरते हें समजण्यास पुराण नको, फणी पुरे. माणसाच्या डोक्यावरून रोज सुमारें ५० ते १०० केस आपोआप गळतात. फणी फिरली तर ते फणींत येतात. न फिरली तर शेजारच्या केसांत अडकून तेथेंच राहतात. त्यांत तेल, घाम, धूळ आणि धुऊन न निघालेला साबणाचा अंश मिसळला कीं गुंता घट्ट होतो, आणि मग तो उकलूं म्हटल्यानें उकलत नाहीं. लांब केसांची बाई दुखणेकरी होऊन कांहीं आठवडे अंथरुणास खिळली, म्हणजे एवढें कारण पुष्कळ झालें. पुढें जट दिसते, तिला कोप किंवा कृपा म्हणतात, आणि दुखणें मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं!

हें नुसतें अज्ञान असतें तर आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु जट ही यल्लम्मेची खूण मानून मुली देवीला सोडण्याची चाल आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत व सौंदत्तीच्या बाजूस पिढ्यान् पिढ्या चालली. तिच्याविरुद्ध मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं, कर्नाटकांत १९८२ सालीं व महाराष्ट्रांत २००५ चा असे कायदे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून, अशा जटा सोडवीत आले आहेत. डॉक्टरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला; तरी तें काम थांबलें नाहीं.

येथें मोठ्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस अडवितील. ते म्हणतील, "बॉब मार्लेच्या जटा चालतात, मग आमच्या गांवच्या बाईची कां नको?" प्रश्न रास्त आहे. जमेकांत १९३० नंतर उदयास आलेल्या रास्ताफारी पंथाचे लोक गणनेच्या पुस्तकांतील नाजीराच्या व्रताचा आधार घेऊन केसांस वस्तरा लावीत नाहींत. शमशोनाच्या सात बटांची कथा तर आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. परंतु त्या बटा आपोआप वाढलेली अनास्था नव्हे. विशेषतः अलीकडे ज्या बारीक बटा कृष्णवर्णीय स्त्रिया राखतात, त्यांची निगा पाहिली म्हणजे आपल्या वेणीफणीचा आळस लाजावा. अमेरिकेंत जोॲन कॉर्नवेल यांनीं १९९३ सालीं प्रचारांत आणलेल्या एका पद्धतींत डोक्याचे चौकोनी भाग पाडून चारशेंहून अधिक बटा लहानशा हत्यारानें ओवून बांधितात. त्यास कित्येक तास लागतात. मेण लावीत नाहींत, कारण तें आंत सांचतें. केस नियमानें धुतात, आणि धुतल्यावर मुळापर्यंत वाळवितात, नाहींतर कुबट वास सुटतो. शेजारच्या दोन बटा एकमेकींस चिकटूं लागल्या तर बोटांनीं वेगळ्या करितात. कांहीं आठवड्यांनीं नवीन वाढलेले केस मुळाशीं पुन्हां ओवितात. पण फार ताणीत नाहींत, ताणल्यास कानशिलाजवळचे केस कायमचे जातात. (आमच्याकडे घट्ट अंबाडा घालणाऱ्या आयांनींहि हें ऐकून ठेवावें.) त्यांचे केस मूळचेच घट्ट कुरळे असल्यानें बट धरून राहते, आपले बहुधा सरळ केस तशी सहज धरीत नाहींत. कॅलिफोर्नियांत तर २०१९ सालीं कायदाच झाला कीं, अशा केसांवरून शाळेंत वा नोकरींत कोणास दूर ठेवूं नये.

तेव्हां आमचा आक्षेप बटेवर नाहीं. जी बट धुतां येते, वाळवितां येते आणि नकोशी झाल्यास कापतां येते, ती जिची तिनें खुशाल राखावी. जिला हात लावण्याची धनिणीलाच चोरी, ती मात्र काढलीच पाहिजे, असें आमचें ठाम मत आहे. यावर आमचे एक स्नेही म्हणाले, "मग बोलावून आणा त्या पोरीला, आणि द्या कात्री चालवून!" हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. देवीच्या नांवानें एकदां तिच्या डोक्याचा निर्णय परस्पर झाला; आतां सुधारणेच्या नांवानें दुसऱ्यांदा कां व्हावा? शिवाय अशा रीतीनें जट कापलेली मुलगी पुढें शिंकली तरी घरचे त्या कात्रीस दोष देतील. तिच्या आईशीं बोलावें, डॉक्टरांकडून सांगवावें, जट निघालेली दुसरी बाई तिला भेटवावी. वेळ लागतो, लागूं द्यावा. तोंवर तिनें जटेसकट वर्गांत बसावें, आणि कोणी नाक मुरडल्यास त्याची गांठ आमच्याशीं आहे.

आम्ही दोनदां त्या घरीं जाऊन आलों. पहिल्या खेपेस चहाहि मिळाला नाहीं. दुसऱ्या खेपेस मिळाला, आणि दिवाळीनंतर पाहूं, असें आई म्हणाली. मुलगी दाराआडून ऐकत होती. निघतांना तिनें हळूच विचारलें, बीजगणित कुठवर आलें? आम्ही तिला वही देऊन आलों आहों. हजेरीपटावरचें तिचें नांव अद्याप खोडलेलें नाहीं.