जुनें तीर्थ

परवां भोकरहून मुदखेडमार्गें आगगाडीनें नांदेडास जाऊन गोदावरीच्या एका जुन्या घाटावर आम्ही घटकाभर बसलों. पूल झाले, तशी नावेच्या उतारूंची वर्दळ ओसरली. वाचकहो, ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे पार जाणें, ह्या धातूपासून झाला. नदी उतरण्याची जागा तें तीर्थ. विद्येच्या पार नेणारा गुरु, तोहि तीर्थच. म्हणून एका गुरूचे शिष्य ते सतीर्थ्य. हें आम्हीं वर्गांत कितीदां शिकविलें! घाटावरचा वृद्ध भोई आमचा सतीर्थ्यच निघाला. चौथींत पाटी ठेवून त्यानें वल्हें धरलें होतें. त्यानें आम्हांस पैलतीरीं नेलें, पैसे मात्र घेतले नाहींत. निघतांना तो आम्हांला ‘गुरुजी’ म्हणाला, आणि आमची मान खालीं गेली. जन्मभर माणसें पार नेलीं, तीं त्यानें.