आकडा कळला, कारण सांगा

माननीय अध्यक्ष आणि सभासद,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार. (आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत 'सलाम' म्हणायची रीत आहे. पण सरकारी पत्र म्हणून नमस्कार.)

शनिवारी जेवणं उरकली की आमच्याकडे पिक्चर कुठला लावायचा यावरून जुंपते. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी दहाची. निवाडा माझ्याकडे, आणि माझ्या हातात पुरावा काय, तर तुमचा एक आकडा.

तो आकडा तुम्ही सुधारलात, हे आधी कबूल करते. 1983 पासून 'यूए' म्हणजे बारा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना एकच माप होतं. 2023 च्या दुरुस्तीने त्याचे 7, 13 आणि 16 असे तीन टप्पे झाले. बरं झालं. त्याच दुरुस्तीत असंही आहे की हा टप्पा पाळायचा की नाही ते पालकांनी ठरवायचं, दुसऱ्या कुणी सक्ती करायची नाही. 'ए' असेल तर थिएटरच्या दारावरचा माणूस मुलाला अडवतो. 'यूए'ला दारावर मीच उभी. मग दारावर उभं करताय, तर आत काय आहे ते सांगायला नको? तेरा कशामुळे? रक्त आहे, शिव्या आहेत, कुणी आत्महत्या करतं, की आई मरते? माझ्या धाकटीला मारामारी चालते, आई मेलेली चालत नाही. 2021 च्या नियमांमुळे ओटीटीवर आकड्याशेजारी निदान 'हिंसा', 'असभ्य भाषा' असे दोन शब्द येतात. ब्रिटनचं मंडळ तर प्रत्येक चित्रपटात काय आहे आणि ते कितपत आहे, हे लिहून पालकांपुढे ठेवतं. तिकीट काढून थिएटरात जाणाऱ्या आईला मात्र पोस्टरवर नुसता आकडा.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती बाई आहे, म्हणजे आणखी कात्री मागायला आली असेल. तसं नाही. कात्रीशी माझं लहानपणापासून वाकडं आहे.

आमच्या मंडळीत सिनेमा म्हणजे पाप होतं. (तुमचं मंडळ, आमची मंडळी; दोन्हीकडे नजर कडकच.) तरी उत्तम शुक्रवारच्या आसपास देवळाच्या आवारात चादर ताणून 'दयासागर' दाखवत. मूळ तेलुगू, 1978 चा, हिंदीत आणलेला. एरवी पोस्टरकडे बघितलं तरी कान धरणारे वडीलधारे त्या रात्री पहिल्या रांगेत डोळे पुसायचे. हातात खिळे ठोकताना आम्ही पोरं तोंड झाकून बोटांच्या फटीतून बघायचो. कुणी उठवून घरी नेलं नाही. आमच्या वडीलधाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं की 1910 च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, त्यातच त्यांना आपल्या देवांना पडद्यावर आणायची कल्पना सुचली आणि 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' आला. पापाचं मूळ आपल्याच अंगणात निघालं असतं.

आणि पवित्र शास्त्र तुमच्या टेबलावर आलं असतं तर? पहिल्याच पुस्तकात सख्खा भाऊ भावाला ठार मारतो. पुढे दावीद राजा एका सैनिकाच्या बायकोवर नजर ठेवतो आणि त्या सैनिकाला लढाईत मरायला पाठवतो. हे आम्ही रविवारच्या शाळेत पोरांना शिकवतो, चित्रं रंगवायला देतो. तेव्हा पडद्यावर पाप दिसलं म्हणून मी घाबरत नाही. ते करणाऱ्याला चित्रपट टाळ्या देतो का आणि ज्याच्यावर बेतलं त्याच्याकडे ढुंकून तरी बघतो का, एवढं मी बघते.

म्हणून गेल्या महिन्यात थोरल्याबरोबर 'फँड्री' पाहिला. धाकटीला झोपवलं होतं, ती दाराआडून बघत होती हे मागाहून कळलं. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट तुमच्या नव्या आकड्यांच्या आधीचा. शिव्याच मोजत बसले असते तर दहाव्या मिनिटाला बंद केला असता. डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निसटतं, तेव्हा थोरला हसला. पुढे गाव हसायला लागलं, तेव्हा तो गप्प झाला. शेवटी त्या घरातल्या पोराचा, जब्याचा, दगड सरळ आपल्या अंगावर येतो. "आपल्याला का मारला?" त्याने विचारलं. दगड मारायला जमलेल्या लोकांतून येशूने एका बाईला सोडवलं, ही गोष्ट त्याला पाठ आहे. त्या गोष्टीत आम्ही नेहमी येशूच्या बाजूला उभे असतो. इथे दगड जब्याच्या हातात आणि आम्ही गर्दीत. "येशूने जब्याला थांबवलं असतं?" मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

मग मी माझ्या आजोबांविषयी बोलले. गावाबाहेरच्या वस्तीतून ते मिशनच्या शाळेत आले. त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला आमच्याकडे फ्रेम करून लावलाय, पण त्याआधीचं कुणी बोलत नाही. "पणजोबांना पण असेच हसायचे?" दाराआडून धाकटीचा आवाज आला. हो म्हणाले. रात्री साडेअकराला तिघं चहा पीत बसलो.

हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसवणार? बसवूही नका. फक्त कापू नका. तुम्ही शिवीचा आवाज घालवता तेव्हा पोरगं ओठांवरून शब्द ओळखतं आणि मला विचारतं, हाच होता ना? मग आमची चर्चा त्या शब्दावरच अडते. तो माणूस इतका का चिडला होता, ते राहून जातं.

तेव्हा मागणं एवढंच. आकड्याखाली दोन ओळी कारण लिहा, पोस्टरवर आणि तिकीट काढतो तिथे, ज्या भाषेतला चित्रपट त्या भाषेत. बाकीचं आमचं आम्ही बघू.

या शनिवारी निवड धाकटीची आहे. तिने 'अमर अकबर अँथनी' मागितलाय. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस नेहमी दारूचा गुत्ताच का चालवतो, यावर माझं भाषण तयार आहे. पण ईस्टरच्या अंड्यातून अमिताभ बाहेर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी अट तिने आधीच घातली आहे.

आपली,
दोन मुलांची आई, पुणे