पापणी कधीपासून खाली आहे?

कुठलाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते आणि दोन डोळ्यांत मिलिमीटरभराचा फरक असणे ही सर्वसाधारण गोष्ट. सेल्फीत तो उगाच ठळक होतो. तेवढ्यासाठी सुरी लावून घेऊ नये, असे आमचे मत. शस्त्रक्रियेत पापणी जास्त उचलली गेली तर डोळा रात्री पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते. कधी एक पापणी उचलली की दुसरी खाली येते.

फरक मोठा असला तरी सगळे संपत नाही. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची चपराक जोरात बसली आणि अभिनेत्री ललिता पवारांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या, हे नुकसान खरेच. पण ‘अनाडी’ चित्रपटातली मिसेस डिसा त्यांनी त्याच चेहऱ्याने साकारली.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत मात्र पापणी कशी दिसते याआधी विचारायला हवे ते ‘कधीपासून?’ आधार कार्डावरचा जुना फोटो शेजारी धरला तरी निम्मे उत्तर मिळते. फरक जन्मापासूनचा असेल आणि मूल हनुवटी वर करून बघत असेल, तर पापणी बाहुलीवर येते आहे. अशा डोळ्याला बघायची सवयच लागत नाही, तो आळशी होतो. मोठेपणी पापणी उचलून गेलेली नजर परतत नाही. म्हणून लहानपणीच पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया हौसेची नव्हे. अंगणवाडीत बालस्वास्थ्य पथक येते तेव्हा आईने मुलाची हनुवटी वर करून बघण्याची ही सवय जरूर दाखवावी.

फरक कालचा असेल तर घाई करावी. तोंड वाकडे होऊन एक डोळा मिटेनासा झाला, तर तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर बरे होण्याची शक्यता वाढते. सोबत हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले तर पक्षाघात समजून तडक इस्पितळ गाठावे.

आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणत उठला, दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर मण्यार चावल्याची शंका घ्यावी. दंश दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पुढे गिळणे अडते, मग श्वास. भगताकडे जायचेच असेल तर नंतर जावे. आधी कासा, डहाणू किंवा तलासरीचे सरकारी रुग्णालय, जिथे सर्पदंशावरचे प्रतिविष देता येते.