लेबलवरच्या आकड्याचा काय दोष?

दिल्लीच्या द्वारका उपनगरात उन्हाळ्याचं वीजबिल हाती पडलं की एक मत हमखास ऐकू येतं : ‘स्टार वगैरे सगळं विक्रीसाठी. एसी किती वीज खाणार, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.’ हे मत चुकीचं आहे आणि महागात पडणारंही. कारण त्याच्याच भरवशावर लोक कमी स्टारचा स्वस्त एसी घेतात.

आक्षेपात तथ्य आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापराचे असतात आणि त्यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलेलं असतं. द्वारकेशेजारच्या नजफगढ केंद्रावर २८ मे २०२४ रोजी ४९.८ अंशांची नोंद झाली. एप्रिल ते सप्टेंबर रोज बारा तास एसी चालवला, तर २१९६ तास भरतात. मग बिल लेबलशी जुळेल कसं?

पण एवढ्यावरून आकडा खोटा ठरत नाही. गृहीतं बदलली म्हणून उत्तर बदललं. ही गृहीतं जाहीर आहेत, म्हणूनच आपले तास, आपलं हवामान घालून हिशेब नव्याने मांडता येतो. शिवाय लेबलचं मुख्य काम तुलनेचं. आयएसईईआर हा हंगामी कार्यक्षमतेचा गुणांक ४ ऐवजी ५ असेल, तर त्या ठरलेल्या परिस्थितीत तेवढ्याच गारव्याला वीज एक पंचमांश कमी लागते.

‘बिल इतकंच येईल’ अशी हमी देणारा विक्रेताही तितकाच चुकतो. वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, पश्चिमेची खिडकी, जुलैतली दमट हवा यांचा भार लेबलला ठाऊक नसतो.

मोठ्या वास्तूंत तर हा हिशेब टाळताच येणार नाही. सेक्टर २५ मधल्या ‘यशोभूमी’सारख्या संमेलन केंद्रात गर्दीनुसार भार बदलतो. अशा ठिकाणी चिलर निवडताना पूर्ण भाराचा एकच आकडा पुरत नाही. अर्ध्या-पाव भारावर यंत्र कसं चालतं, हे पाहावंच लागतं.

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८६५६ मेगावॉटवर गेली. अशा शहरात सोसायट्यांनी आणि कार्यालयांनी खरेदीआधी स्थानिक हवामानावर बेतलेला वीजवापराचा अंदाज लेखी मागावा, वातानुकूलनाला स्वतंत्र मीटर बसवावा आणि पहिल्याच हंगामात दोन्ही आकडे ताडून पाहावेत. तफावत निघाली, तर कारण शोधून पुढचा अंदाज सुधारावा. आकड्यांवर विश्वास असाच कमवावा लागतो. त्यांना नावं ठेवून बिल कमी होत नाही.